भातकापणीनंतर मेंढरं बसवताना

दिवाळी सरली, मळण्या उरकत आल्या की फलटण-माणच्या बाजूचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात येऊ लागतात. वरंध, कुंभार्ली, आंबा, ज्याची जी वाट ठरलेली. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, डालग्यात नुकती जन्मलेली कोकरं, मागे कुत्री. पावसाच्या तोंडावर ही मंडळी परत देशावर जातात. मधल्या काळात त्यांचा वाडा, म्हणजे कळपासह मुक्काम, खतासाठी तुमच्या खलाटीत, म्हणजे सखल भातशेतात, किती रात्री राहील, हे मात्र बरंचसं तुमच्या गावावर आहे. मेंढरू रात्री खत देतं ते दिवसा चरलं तरच. चराई नसलेल्या गावात वाडा एक रात्र टेकतो आणि पुढे सरकतो, मग तुम्ही रात्रीचे कितीही पैसे देऊ करा.

म्हणून एकट्याने वाडा ठरवू नका. शेजारच्या पाच-सात खातेदारांनी बसून सलग पट्टे ठरवा. ओल टिकते त्या बाजूला वाल, पावटा, कुळीथ घ्या आणि त्याला कापणीनंतर लगेच वई (कुंपण) घाला. दुसरी बाजू मोकळी सोडा. तिथली धसकटं जाळू नका, तोच मेंढरांचा पहिल्या आठवड्याचा चारा असतो. वालाच्या मधोमध एखादं रिकामं चोंढं (शेताचा तुकडा) ठेवून ‘इथे बसवा’ म्हणणाऱ्याच्या शेतात भांडण हमखास होतं, आणि त्यात चूक धनगराची नसते.

बोलणी वाड्यातल्या मोठ्या माणसाशी करा. मेंढरं किती, रात्री किती, मोबदला रोख की भात, पाणी कोणत्या विहिरीचं, हे सगळं चारचौघांत ठरावं. हिशेब सोपा आहे. एका मेंढराला बसायला सुमारे एक चौरस मीटर जागा लागते. दोनशेचं खांड म्हणजे रात्रीला दोन गुंठे, एकर पुरा व्हायला वीस रात्री. वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, रोज पुढे सरकायला हवी. सकाळी ती उचलल्यावर जागेत फिरून बघा: लेंड्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या आणि माती मुताने भिजून काळपट दिसली तर जागा बसली. कडेला ढीग आणि मध्ये भुई कोरडी असेल तर वाघर फार सैल लावली होती.

दरावरून घासाघीस करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. वाळलेल्या लेंडीखतात साधारण ३ टक्के नत्र, १ टक्का स्फुरद आणि २ टक्के पालाश असतं. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिवाय गोठ्यात वाया जाणारं मूत इथे थेट मातीत जिरतं. ट्रॉलीचं भाडं नाही, पाटीने पसरायची मजुरी नाही.

चिखलात मात्र मेंढरं बसवू नका. खूर कुजतात, मेंढरं आजारी पडली की वाडा उठतो. पाणथळ चोंढी, जिथे गोगलगायी दिसतात, ती चराईतूनही वगळा. यकृतातले चपटे कृमी तिथूनच येतात आणि ते तुमच्या गाई-म्हशींनाही सोडत नाहीत.

कोकणातला खरा धोका आंब्याच्या बागेत आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी फवारण्या चालतात. फवारा खालच्या फांद्यांवर बसतो, गवतावर गळतो, आणि मेंढरू नेमकं तेच ओरबाडतं. बाग राखणदाराच्या हवाली करून मुंबईला राहणाऱ्यांनी तर हे आधीच बघावं. फवारणीची तारीख धनगराला आदल्या दिवशी सांगा. बागेच्या तोंडाशी लाल फडकं बांधा आणि औषधाच्या लेबलावर चराईसाठी दिलेली मुदत पुरी होईपर्यंत कुणालाही आत सोडू नका. मिसळलेल्या औषधाचं पिंप उघडं टाकून जेवायला जाणं, हे तर कुठल्याच हंगामात करू नये.

दुसरी जागा खळं. उघड्या राशीवर मेंढरं तुटून पडली की पोट फुगतं, आंबतं, आणि दुसऱ्या दिवशी दोन-चार आडवी झालेली असतात. भात घरात जाईस्तोवर खळ्याला कूड हवाच. परड्यातल्या घाणेरीच्या जाळ्याही तोडून टाका, तिचा पाला मेंढरांना विषारी आहे.

झाडांचं आधी बोलून घ्या. चारा संपत आला की धनगर डहाळे तोडतो, आणि ऐन-किंजळ तर आपल्यालाही राबाला, म्हणजे पाला पसरून रोपाची जागा भाजायला, लागतात. कोणती झाडं त्याची, कोणती आपली, हे बांधावर उभं राहून हाताने दाखवा. राबाच्या जागेवरच दोन रात्री मेंढरं बसवली तर रोपाला बळ चांगलं मिळतं. तणाचं बी मरायला भाजणी लागेल ती लागेलच, पण कवळं, म्हणजे डहाळ्यांचे भारे, कमी लागतात.

आपल्या जनावरांना लाळ-खुरकुताची लस वाडा यायच्या आधी टोचून घ्या. धनगरालाही त्याच्या मेंढरांचं विचारा. बहुतेकांना कधी, कुठे टोचलं ते तोंडपाठ असतं. मेंढरं आणि गुरं एकाच डोणीवर पाजू नका.

वाडा हलला की त्याच आठवड्यात उथळ नांगरट किंवा कुळवणी करून खत मातीआड करा. उन्हात उघडं राहिलं तर नत्र हवेत उडून जातं, मार्चपर्यंत निम्मी मेहनत फुकट. भुई दगडासारखी झाली असेल तर निदान पालापाचोळा पसरून झाका. वाडा निघताना जिथे त्यांच्या चुली होत्या ती राखही तिथेच विस्कटून टाका.

मेंढरं बसलेली चोंढी बांधावरच्या दगडाला चुना लावून ओळखीची ठेवा, कारण जूनपर्यंत कुणालाच नक्की आठवत नाही. लावणीच्या वेळी त्या चोंढ्यांत युरियाचा पहिला हप्ता निम्म्यावर आणा. नत्र जास्त झालं की करपा येतो आणि उंच वाणाचं भात दाणा भरताना लोळतं. फुटव्याच्या वेळी पात पिवळी दिसली तर उरलेला हप्ता द्या, नाहीतर राहू द्या.