बायरवर सेमिनार आहे? मग नीळ बनवून दाखवा

टीवायला नाहीतर एमएस्सीला 'एका शास्त्रज्ञाचं जीवन आणि कार्य' असा सेमिनार गळ्यात पडतोच, आणि मग पोरं काय करतात तर जन्म, शिक्षण, नोकरी, नोबेल, मृत्यू अशा पाच स्लाइड टाकतात आणि मागचे बाक मोबाईल काढतात. तुमच्या वाट्याला जर्मन केमिस्ट अडॉल्फ फॉन बायर आला असेल तर तुम्ही लकी आहात, कारण या माणसाचं अर्धं आयुष्य एका बीकरमध्ये दाखवता येतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करा. हा बायर म्हणजे ॲस्पिरिनवाली बायर कंपनी नाही, ती फ्रीडरिश बायरची, स्पेलिंगमध्ये एक ई कमी. मी माझ्या वेळी पहिल्याच स्लाइडवर गोळ्यांची स्ट्रिप लावली होती आणि मॅडमनी तिथेच थांबवलं, पुढची दहा मिनिटं काय बोललो ते आजही आठवत नाही.

सुरुवात जन्मतारखेने नको, 31 ऑक्टोबर 1835, बर्लिन हे कोपऱ्यात बारीक अक्षरात टाका. सुरुवात करा निळीच्या खड्यापासून. तेराव्या वाढदिवसाला या पोराने दोन थालर, म्हणजे तेव्हाची चांदीची नाणी, देऊन काय घेतलं तर इंडिगोचा तुकडा. आपण पांढऱ्या कपड्यांना घालतो ती नीळ वेगळी बरं का, ही झाडापासून काढलेली, जीन्सच्या रंगाची. पुढे 1865 च्या सुमारास तो या रंगाच्या मागे लागला आणि 1883 मध्ये स्ट्रक्चर सांगूनच थांबला, अठरा वर्षं!

आता डेमो. सरांची परवानगी घ्या, गॉगल आणि ग्लोव्हज घाला, जवळ बर्नर नको कारण ॲसिटोन आहे. छोट्या बीकरमध्ये 0.5 ग्रॅम ऑर्थो-नायट्रोबेन्झाल्डिहाइड घ्या, 5 मिली ॲसिटोनमध्ये विरघळवा, वर 5 मिली डिस्टिल्ड वॉटर. मग 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड 2.5 मिली, ड्रॉपरने थेंब थेंब, ढवळत ढवळत. घाई करून एकदम ओतू नका, मिश्रण तापतं. आधी गडद पिवळं होतं, मग चहासारखं काळपट, आणि बघता बघता तळाशी जांभळट निळा गाळ बसायला लागतो, ती नीळ. ही रिॲक्शन बायर आणि ड्रेव्हसनची, 1882 ची. आणि महागडी उपकरणं नाहीत म्हणून लाजू नका, स्वतः बायरलाही टेस्ट ट्यूब आणि काचेची कांडीच जास्त आवडायची.

बीकर पाच मिनिटं तसाच ठेवायचाय, तेवढ्यात करिअर उरकून घ्या. हायडेलबर्गला आधी केमिस्ट बुन्सेनकडे, तिथून दुसऱ्या केमिस्टकडे, केकुलेकडे, 1858 ला बर्लिनची डॉक्टरेट, मग बर्लिनच्याच एका टेक्निकल संस्थेत बारा वर्षं, तिथेच 1864 ला बार्बिट्युरिक ॲसिड, म्हणजे पुढच्या झोपेच्या औषधांचं मूळ. (हे नाव कुठून आलं याच्या पाच-सहा गोष्टी फिरतात, एकही पक्की नाही, सांगू नका.) 1871 ला फिनॉल्फथॅलिन, इथे मात्र थांबा आणि वर्गाला विचारा की अकरावीपासून टायट्रेशनला जे दोन थेंब टाकताय ते कोणाचं, कोणीच सांगू शकत नाही आणि सगळे एकदम जागे होतात. 1872 ला स्ट्रासबुर्ग, 1875 ला म्युनिकमध्ये केमिस्ट लिबिशच्या प्रोफेसरच्या खुर्चीवर. 1885 ची स्ट्रेन थिअरी (कार्बनच्या कड्यांवरचा ताण) आणि 1899 ची बायर-व्हिलिगर रिॲक्शन (कीटोनपासून एस्टर) एकेका वाक्यात, सिलॅबसमध्ये आहेतच. नोबेल 1905 चं, पण गंमत अशी की त्याचा चेला एमिल फिशर 1902 लाच घेऊन बसला होता.

गाळ बुखनर फनेलवर सक्शनने गाळा, खालचं पाणी रंगहीन होईपर्यंत पाण्याने धुवा, मग थोडं अल्कोहोल.

आता खरी मजा, यासाठी व्हॅट, म्हणजे कापड बुडवायचं रंगाचं सोल्यूशन, आधीच तयार ठेवा. आदल्या दिवशी बनवलेली चिमूटभर नीळ अल्कोहोलच्या दोन-तीन थेंबांत कालवा, त्यात थोडं डायल्यूट सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम डायथायोनाइटचं ताजं सोल्यूशन घाला, डाईवाले याला हायड्रो म्हणतात. वास उग्र असतो म्हणून फ्यूम हूडमध्येच करा. साधारण 50 डिग्रीला ठेवलं की निळा रंग जाऊन पिवळसर होतो. फार ढवळू नका, हवा शिरली की परत निळं. पांढऱ्या सुती कापडाची पट्टी मिनिटभर बुडवा, चिमट्याने वर काढा आणि सगळ्यांसमोर धरा. पट्टी पिवळी-हिरवी बाहेर येते आणि डोळ्यांदेखत कडेकडेने निळी होत जाते.

ती निळी होत असताना चंपारण सांगा. बायरची पद्धत कारखान्याला महाग पडली, स्वस्त रस्ता केमिस्ट ह्यॉयमानने काढला आणि बीएएसएफ या जर्मन कंपनीने 1897 ला कृत्रिम नीळ बाजारात आणली. झाडाच्या निळीचा भाव पडला, बिहारमधल्या गोऱ्या निळवाल्यांनी तो तोटा भाडं वाढवून कुळांच्या अंगावर टाकला, आणि 1917 च्या एप्रिलमध्ये गांधीजी तिथे पोचले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बायर वारला. या स्लाइडवर फक्त दोन तारखा ठेवा, बाकी तुम्ही बोला.

शेवटी प्रश्नोत्तरात कोणीतरी ईल्ड, म्हणजे किती टक्के माल मिळाला, ते विचारणारच. दोन मोल अल्डिहाइडला एक मोल नीळ, म्हणजे 0.5 ग्रॅमवरून जास्तीत जास्त 0.43 ग्रॅम. ओल्या फिल्टर पेपरसकट वजन करून एकशे वीस टक्के सांगू नका, आमच्या बॅचमध्ये एकाने सांगितलं होतं.