इलेक्ट्रिक व्हीलचेअर घ्यायचीय? आधी घर मोजा, मग दुकानात जा

"वडिलांसाठी इलेक्ट्रिक व्हीलचेअर बघतोय, कुठली चांगली?" असा फोन आला की मी उलट विचारतो, "बाथरूमचं दार केवढं आहे?" पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "नेहमीसारखंच आहे." पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत नेहमीसारखं म्हणजे अडीच फूट, बाथरूमला त्याहूनही कमी. आणि बाजारातल्या बहुतेक इलेक्ट्रिक खुर्च्यांची बाहेरची रुंदी ५८ ते ६५ सेंटीमीटर. म्हणजे दोन फुटांच्या आसपास. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर ठरतं, रंगावर आणि कपहोल्डरवर नाही.

डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टशी बोलणं झालंय, बसणाऱ्याचं वजन माहीत आहे, बजेट ठरलंय, हे मी धरून चालतो.

१. खुर्ची कोण चालवणार?

बसणारा स्वतः चालवणार असेल तर जॉयस्टिक कोणत्या हाताला हवी ते आधी सांगा. लकवा उजव्या बाजूला असेल तर डाव्या हाताला. हाताला कंप असेल तर वेग आणि जॉयस्टिकची संवेदनशीलता कमी-जास्त करता येणारा कंट्रोलरच घ्या. कायम दुसराच कुणीतरी ढकलणार असेल आणि फिरणं बेडरूम ते हॉल एवढंच असेल, तर इलेक्ट्रिक घेऊ नका. साधी, हलकी, नीट मापाची खुर्ची घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या उशीवर खर्च करा. हात दणकट असतील तर तिसरा पर्यायही आहे: साध्या खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनचं निओबोल्ट त्यातलंच, फक्त ते त्यांच्याच खुर्चीला जोडलं जातं. रस्त्यावर जोडायचं, घरात शिरताना काढून ठेवायचं.

२. दार, पॅसेज, लिफ्ट

इथे घाई करू नका. मलाही हा भाग कळायला बराच वेळ लागला, कारण सगळे फक्त दाराची रुंदी मोजायला सांगतात.

आधी ती तरी नीट मोजा. चौकट ते चौकट मोजून उपयोग नाही. दार पूर्ण उघडा आणि उघडलेल्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंतची मोकळी जागा मोजा. फळीची जाडी आणि बिजागरी मिळून चार-पाच सेंटीमीटर सहज खातात. कडी किंवा हँडल पुढे येत असेल तर तेही वजा करा. मग प्रत्येक बाजूला हाताच्या बोटांसाठी दोन-तीन सेंटीमीटर सोडा, कारण चौकटीला खुर्ची घासली तर रंग जातो, पण बोटं घासली तर माणूस पुन्हा त्या दारातून जायला तयार होत नाही. जागा थोडक्यासाठी कमी पडत असेल तर बाथरूमचं दार काढून पडदा लावा. सासूबाई काय म्हणतील हा प्रश्न खुर्ची आल्यावर आपोआप मागे पडतो.

आता खरी मेख. दारातून सरळ जाणारी खुर्ची पॅसेजमधून त्याच दारात वळेलच असं नाही. आपल्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार बहुधा तीन फुटी पॅसेजच्या कडेला असतं, म्हणजे आत शिरायचं तर काटकोनात वळायचं. खुर्ची कशी वळते हे मोटरची चाकं कुठे आहेत त्यावर अवलंबून असतं.

मोटर मागच्या चाकांना असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक घडीच्या खुर्च्यांना ती तिथेच असते, तर खुर्ची मागच्या आसाभोवती फिरते आणि पाय पुढे मोठा घेर घेतात. आसापासून पायाच्या बोटांपर्यंत ७५ ते ८५ सेंटीमीटर होतात. अरुंद पॅसेजमध्ये पाय दाराच्या पलीकडच्या चौकटीवर आपटतात. मोटर मधल्या चाकांना असेल (खाली एकूण सहा चाकं दिसतात) तर खुर्ची जवळजवळ जागच्या जागी फिरते, घेर ५० ते ५५ सेंटीमीटरचा. मोटर पुढच्या चाकांना असेल तर पाय दारात आधी शिरतात, पण मागचा भाग बाहेर झोकतो आणि समोरच्या भिंतीचा गिलावा काढतो.

म्हणून घरात मधली चाकं सरस, असं तुम्ही म्हणाल. थांबा. उतार जिथे संपतो आणि सपाटी सुरू होते, किंवा रस्ता मध्येच खचलेला असतो, तिथे पुढची आणि मागची छोटी चाकं टेकतात आणि मोटरचं मधलं चाक अधांतरी फिरत राहतं. चांगल्या सस्पेन्शनच्या खुर्चीत हे कमी होतं, स्वस्तातल्या खुर्चीत हमखास होतं. आपल्या रस्त्यांवर, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि गल्लीगल्लीतल्या मनमानी गतिरोधकांवर मागच्या चाकांची मोटरच बरी. माझं मत सरळ आहे: दिवसातला बहुतेक वेळ घरात जाणार असेल आणि पॅसेज अरुंद असेल तर मधली चाकं. रोज बाहेर पडायचं असेल तर मागची, मग त्यासाठी बाथरूमचं दार फोडून मोठं करावं लागलं तरी करा. दोन्ही उत्तम करणारी खुर्ची दाखवतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

अंदाजावर सोडायचं नसेल तर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणा. दुकानदाराकडून खुर्चीची लांबी, रुंदी आणि मोटरच्या चाकांचा आस मागच्या टोकापासून किती अंतरावर आहे, एवढं विचारा. त्या मापाचा पुठ्ठा कापा. लांबीत पायाची बोटं धरा, कारण ती फूटरेस्टच्या पुढे पाच-सात सेंटीमीटर येतात आणि कंपनीच्या मापात ती नसतात. आसाच्या मध्यावर खूण करा. पुठ्ठा पॅसेजमध्ये जमिनीवर ठेवा, एकाने खुणेवर बोट दाबून धरा, दुसऱ्याने पुठ्ठा फिरवत दारात न्या. बोटासकट पुठ्ठा त्याच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकला तर चालेल, आडवा सरकता कामा नये. खुर्ची खेकड्यासारखी तिरकी चालत नाही. पुठ्ठा भिंतीला अडला तर खुर्चीही अडणार. यात अर्धा तास जातो आणि मोठी रक्कम वाचते.

लिफ्टचंही तसंच. जुन्या इमारतीत सरकती जाळी गोळा झाली की दाराची रुंदी खाते, तेव्हा जाळी उघडून मोजा. आत वळायला जागा नसेल तर बाहेर येताना रिव्हर्समध्ये यावं लागतं, आणि लिफ्टच्या समोरच जिना असेल तर ते धोक्याचं आहे. लिफ्ट मजल्याच्या इंचभर वर-खाली थांबत असेल तर आधी सोसायटीला ती दुरुस्त करायला लावा. पेठेतल्या वाड्यात राहत असाल तर उंबरठ्याची उंचीही लिहून ठेवा.

३. चढ

माहितीपत्रकात "चढण १२" लिहिलेलं असतं. अंश की टक्के ते विचारा. १२ अंश म्हणजे साधारण २१ टक्के, आणि १२ टक्के म्हणजे जेमतेम ७ अंश. नियमातला रॅम्प १ ला १२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी), म्हणजे ५ अंशांहून थोडा कमी. बेसमेंट पार्किंगचा उतार बहुधा याहून खडा असतो. मोबाइलमधल्या लेव्हलने मोजा, आणि बाणेर-पाषाणच्या टेकडीच्या बाजूला राहत असाल तर घरापासून वाण्यापर्यंतचा रस्ताही मोजा.

४. बसायची जागा

दुकानात पडून असते ती १८ इंची सीट. बसल्यावर कंबरेची रुंदी १५ इंच असेल तर ती घेऊ नका. माणूस एका बाजूला कलतो आणि महिन्याभरात पाठ धरते. कंबरेच्या रुंदीपेक्षा इंचभर जास्त पुरे. गुडघ्याच्या मागे दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांनी सोबत आलेल्या फोमच्या उशीवर दिवस काढू नये. जेल किंवा हवेची उशी वेगळी घ्यावी, नाहीतर बेडसोअर होतात. "पाठ पूर्ण सपाट होते" या जाहिरातीने हुरळून जाऊ नका. नुसती पाठ मागे गेली की माणूस पुढे घसरतो आणि कातडी घासली जाते. दाब कमी करायचा असेल तर सीटसकट अख्खी मागे झुकणारी खुर्ची लागते. ती जड असते आणि महागही, पण काम तीच करते.

५. बॅटरी आणि गाडी

लिथियम घ्या, लेड-अ‍ॅसिडची खुर्ची दोघांनाही डिकीत चढवता येत नाही. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर घडीची खुर्चीसुद्धा मावते का ते आधी बघा. एका चार्जवर जाईल म्हणून छापलेल्या किलोमीटरच्या निम्मे धरा. विमानाने जायचं असेल तर काढता येणारी लिथियम बॅटरी एकच असल्यास ३०० वॉट-अवरपर्यंत चालते, दोन असल्यास प्रत्येकी १६०. व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर-अवर म्हणजे वॉट-अवर: २४ व्होल्ट १० अ‍ॅम्पिअर-अवरची २४० होते, २० वाली ४८०. मुलगा अमेरिकेतून खुर्ची पाठवतोय? चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलंय का, आणि जॉयस्टिक बिघडली तर इथे कोण दुरुस्त करणार, हे आधी विचारा.

६. घरी ट्रायल

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच खुर्च्या छान चालतात. घरी आणून दाखवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. बाथरूम, लिफ्ट, पार्किंगचा उतार, गेटबाहेरचा गतिरोधक, याच क्रमाने चालवा. जॉयस्टिक सोडली की खुर्ची उतारावरही जागच्या जागी थांबली पाहिजे.

शेवटी मोटरजवळचा क्लचचा दांडा घरातल्या प्रत्येकाला दाखवा, कामाला येणाऱ्या मावशींनाही. त्याने क्लच सोडवला की खुर्ची हाताने ढकलता येते, पण मग मोटरचा ब्रेक लागत नाही. उतारावर माणूस बसलेला असताना त्या दांड्याला हात लावायचा नाही.