उताऱ्याखालच्या प्रश्नांपलीकडे: नव्या भाषाशिक्षकांसाठी थोडं अनुभवाचं

'टिंबूने लफाऱ्यात गोंदली मसडली.' हे वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा: गोंदली कोणी मसडली? कुठे मसडली? टिंबूने काय केलं? बहुतेक सगळे हात वर होतात आणि उत्तरंही बरोबर येतात. वाक्याला अर्थ मात्र काडीचाही नाही. 'ने' दिसला की कर्ता, 'त' दिसला की ठिकाण, एवढ्यावर काम भागतं. 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' या प्रकारात बरीच मुलं वर्षानुवर्षं हेच करत आलेली असतात. आठवी-नववीपर्यंत त्यांचा हात चांगलाच बसतो. आधी प्रश्न बघायचा, त्यातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उतरवायचं. गुण मिळतात, आणि शिक्षकालाही वाटतं, समजलंय.

माध्यमिक वर्गांवर नव्याने रुजू झालेल्यांना मी म्हणूनच आधी एवढंच सांगते, की प्रश्न विचारून आपण आकलन तपासतो, शिकवत नाही. वाचनाच्या अभ्यासक डोलोरेस डर्किन यांनी अमेरिकेतल्या चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या तासांची निरीक्षणं केली आणि १९७८-७९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जवळपास साडेचार हजार मिनिटांमध्ये आकलन प्रत्यक्ष शिकवलं गेलं ते वीसेक मिनिटं. उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं आणि स्वाध्याय यांचीच रेलचेल. वर्ग मोठा असो वा लहान, हे चित्र मला आजही ओळखीचं वाटतं.

शिकवायला घेण्याआधी अडतंय कुठे ते बघा. नववीतल्या विद्यार्थ्याला अजून सलग वाचता येत नाही, हे मान्य करायला आपल्याला संकोच वाटतो आणि मग ते राहूनच जातं. गॉफ आणि टन्मर यांनी १९८६ मध्ये मांडलेली एक साधी मांडणी इथे फार उपयोगी पडते. त्यांच्या मते वाचून समजणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे: लिहिलेले शब्द ओळखता येणं आणि ऐकलेली भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही.

वर्गात याची चाचणी करायला छापील साहित्य लागत नाही. एक परिच्छेद विद्यार्थ्याला मनात वाचू द्या आणि त्यात काय आहे ते तोंडी सांगायला लावा. तेवढाच अवघड दुसरा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा आणि तेच विचारा. ऐकलेलं कळलं, वाचलेलं नाही, तर अडचण वाचनाच्या ओघात, म्हणजे सलग आणि सहज वाचण्यात आहे. दोन्ही कळलं नाही, तर शब्द, वाक्यरचना किंवा विषयाची माहिती कमी पडतेय. दोन्ही नीट सांगितलं आणि वहीत मात्र कोरं, तर ते लेखनाचं दुखणं आहे, त्याला उताऱ्यांचा मारा हा उपाय नाही. ही तीन मुलं गुणपत्रिकेवर अगदी सारखी दिसतात.

ओघ कमी असलेल्यांसाठी जोड्या लावून एकच छोटा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचून घ्या. पहिलं वाचन तुमचं, मग त्यांचं. क्रमाने एकेक परिच्छेद उभं राहून वाचायची पद्धत मात्र बंद करा. मुलं आपला परिच्छेद कितवा ते आधीच मोजून ठेवतात, आपला नंबर येईपर्यंत तोच घोकतात आणि नंबर गेला की खिडकीबाहेर बघतात. धडा कोणीच वाचत नाही.

माहितीचं म्हणाल, तर तिचं वजन आपण फार कमी धरतो. रेख्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग बेसबॉलच्या सामन्याच्या वर्णनावर होता. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळाचा गंध नसलेल्यांपेक्षा सरस ठरली. म्हणून दर आठवड्याला नवा विषय घेऊन उतारे बदलण्यापेक्षा एकाच विषयाचे तीन-चार उतारे लागोपाठ घ्या. भूकंपावर आधी सोपा, मग एक प्रत्यक्षदर्शी वर्णन, मग थोडा शास्त्रीय. तिसऱ्या उताऱ्याला कच्चं मूलही हात वर करतं, कारण निम्मे शब्द ओळखीचे झालेले असतात.

आता मुख्य काम. चांगला वाचक वाचताना मनात काय करतो, हे मुलांना दिसत नाही. ते मोठ्याने करून दाखवावं लागतं. समजा उतारा असा आहे: 'तो स्टेशनवर पोचला तेव्हा फलाट रिकामा होता. त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग बाकावर बसून खिशातल्या चिठ्ठीचे चार तुकडे केले.' मी पहिल्या वाक्यावर थांबते आणि म्हणते, 'फलाट रिकामा. गाडी अजून यायचीय की येऊन गेली?' दुसऱ्यावर, 'घड्याळ बघतोय म्हणजे वेळेचा काही घोळ आहे. मला वाटतं, गाडी गेली.' तिसऱ्यावर, 'चिठ्ठी का फाडली? तिकीट असतं तर कळलं असतं. चिठ्ठी कोणाला तरी द्यायची असणार. आणि ती व्यक्ती गेली.' एखादा अंदाज मुद्दाम पुढे चुकू द्यावा आणि 'अरे, मी समजत होते ते नाही, मागे जाऊन बघू' असं म्हणत परत वाचावं. मागे जाऊन वाचणं ही कच्च्या वाचकाची खूण आहे असा मुलांचा ठाम समज असतो. तो मोडायला याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

यानंतर पुढचा परिच्छेद वर्गाबरोबर, त्याच्या पुढचा जोड्यांमध्ये, मग एकट्याने. ही उतरंड सोडू नका. आपण एकदा करून दाखवतो आणि थेट गृहपाठ देतो, मधल्या दोन पायऱ्या गाळतो, तिथे सगळं निसटतं.

चर्चेत एकच प्रश्न जिभेवर बसवा: कशावरून? 'तो दुःखी आहे.' कशावरून? 'चिठ्ठी फाडली.' फाडणारा रागावलेलाही असू शकतो, दुःखीच कशावरून? 'बाकावर बसला. राग आला असता तर निघून गेला असता.' हे उत्तर वादग्रस्त आहे, पण मूल उताऱ्यात शिरलं. उत्तर बरोबर असतानाही 'कशावरून' विचारा, नाहीतर तो शब्द म्हणजे 'चुकलंस' असा अर्थ मुलं दोन दिवसांत लावतात.

एक लहान वाटणारी पण भारी गोष्ट म्हणजे वाक्यांचे सांधे. 'तो', 'ती', 'हे', 'त्यामुळे', 'मात्र', 'तरीही' यांना गोल करायला लावा आणि बाण काढून कोण कोणाकडे बोट दाखवतंय ते दाखवायला सांगा. मराठीत कर्ता बिनदिक्कत गाळला जातो. 'गेली, पण परत आली नाही' यात कोण गेली हे मागच्या वाक्यातून उचलावं लागतं. शास्त्राच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांत तर 'यामुळे' म्हणजे नेमकं कशामुळे हेच निम्म्या वर्गाला सांगता येत नाही. दहा मिनिटांचा हा खेळ त्या विषयांच्या शिक्षकांनाही जरूर दाखवा.

गटकामासाठी पॅलिन्सार आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत प्रसिद्ध आहे. चार जणांचा गट. परिच्छेद वाचायचा आणि मग अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं उलगडणं आणि सारांश सांगणं ही कामं आळीपाळीने करायची. शब्द वाचता येतात पण आकलन कमी आहे, अशा मुलांसाठी ती बेतलेली होती, त्यामुळे ओघच नसलेल्यांना तिच्यात ढकलू नका. माझं मत विचाराल तर, उलगडा आणि सारांश ही दोन कामं सोन्याची. अंदाज कथेत छान चालतो, माहितीपर उताऱ्यात मुलं 'पुढे आणखी माहिती येईल' एवढंच म्हणतात. कामांची चिकटवलेली नावं महिनाभरात गळून पडली पाहिजेत. ती तशीच राहिली तर गट भूमिका वठवत बसतो आणि उतारा बाजूला राहतो.

शब्दार्थांचं थोडक्यात. वीस शब्दांची यादी देऊ नका. ज्याच्याविना उतारा उघडतच नाही असे दोन-तीन शब्द आधी सांगा. बाकीचे संदर्भाने काढू द्या. 'गृहीत', 'परिणामी', 'मर्यादित', 'सापेक्ष' असे सगळ्या विषयांत फिरणारे शब्द मात्र वारंवार वापरून घ्या. रंगीत पेनाने अधोरेखन करण्यात मुलांचा वेळ छान जातो, एवढंच त्याचं कौतुक. त्याऐवजी समासात प्रत्येक परिच्छेदापुढे चार-पाच शब्दांत त्याचा गाभा लिहायला लावा.

दहावीच्या वर्गाला हे सगळं करायला वेळ कुठे, असं लगेच विचारलं जाईल. सरावाचे उतारे तुम्ही देणारच आहात, त्यांतच हे बसवता येतं. उतारा द्या, प्रश्न झाका. परीक्षकाच्या जागी बसून मुलांना पाच प्रश्न काढू द्या, त्यांतले किमान दोन असे हवेत की ज्यांचं उत्तर एका वाक्यात सापडणार नाही. मग मूळ प्रश्न उघडा आणि ताडून बघा. वर्गातल्या कोणालाच न सुचलेला प्रश्न ज्या परिच्छेदावरचा असेल, तो परिच्छेद दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला घ्या.