जुनी अ‍ॅम्बेसेडर सकाळी चालू होत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी हे तपासा

किल्ली फिरवली, सेल्फचा ‘टक्’ असा एकच आवाज आला, डॅशबोर्डवरचा दिवा मंदावला आणि इंजिन ढिम्म. जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी सांभाळणाऱ्याला ही सकाळ ओळखीची असते. अशा वेळी बहुतेक जण थेट नवी बॅटरी आणतात. आमच्या मार्क टू मॉडेलच्या गाडीला दीड वर्षात दोन नव्या बॅटऱ्या बसल्या आणि दोष शेवटी निघाला इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीत. म्हणून कळकळीनं सांगतो, आधी मोजा आणि क्रमानं मोजा.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी), टर्मिनलला बसणारा पाना, पॉलिश पेपर आणि थोडा खायचा सोडा पुरतो. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ काडी किंवा सिगारेट नको. टर्मिनल काढताना अर्थचं (गाडीच्या बॉडीला जोडलेलं) आधी काढायचं आणि लावताना शेवटी लावायचं. अर्थ कुठलं टोक आहे हे मात्र डोळ्यांनी पाहून घ्या. ब्रिटिश धाटणीच्या जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं सापडतं. ते न पाहता बॅटरी बसवली, तर ती उलटी बसते.

बॅटरी

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी काहीही चालू न करता दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा. १२.६ किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली असेल तर आधी चार्जरवर लावा, कारण उतरलेल्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या फसव्या येतात.

बॅटरीला बुचं असतील तर हायड्रोमीटर मल्टिमीटरपेक्षा जास्त सांगतो. सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, घ्या आणि लिहून ठेवा. भरलेल्या बॅटरीत ती १२४० ते १२८० च्या दरम्यान येते. एका सेलची ग्रॅव्हिटी बाकीच्यांपेक्षा ५० अंकांहून कमी असेल, तर तो सेल गेला आणि बॅटरी खरंच बदलायला झाली. सगळे सेल सारखेच खाली असतील, तर बॅटरी बहुधा नुसती उपाशी आहे. तिला चार्ज का मिळत नाही, हे शोधायचं.

सेल्फ मारताना

इग्निशन कॉइलची (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारी) बारीक वायर काढून तिचं टोक टेपनं झाका, म्हणजे इंजिन पेटणार नाही. मीटर बॅटरीवर धरा आणि दुसऱ्या माणसाला पाच-सात सेकंद सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये.

व्होल्टेज टिकलं, तरी सेल्फ रेंगाळतोय? मग वाट वायरमध्ये अडली आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ खांबावर धरा (वर आवळलेल्या टर्मिनलवर नाही, बॅटरीच्या खांबावरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि पुन्हा सेल्फ मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवा. आमच्याकडे दोनच्या वर आला होता. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी पट्टी गंजली की करंट दुसरी वाट शोधतो. चोकची केबल किंवा अ‍ॅक्सिलरेटरची तार गरम लागली, तर दोष हाच समजा. पट्टीची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं चकचकीत करून घट्ट आवळा. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि कोरडं करून वर व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी सेलमध्ये मात्र अजिबात जाऊ देऊ नका.

डायनामो की अल्टरनेटर?

इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र या दोनांपैकी एक असतं. लांबट, बंद नळकांड्यासारखा दिसतो तो डायनामो. आखूड, जाड आणि तोंडाशी झरोके असलेला तो अल्टरनेटर. दोघांचा स्वभाव वेगळा आहे.

आधी पट्टा बघा. दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्यानं दाबल्यावर तो साधारण अर्धा इंच खाली जावा. मग कॉइलची वायर लावा, इंजिन चालू करा आणि मीटर बॅटरीवर धरा. थोडा रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ आलं तर चार्जिंग ठीक. तेरालाही पोचत नसेल तर चार्ज होत नाही. पंधराच्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय. मग सगळ्याच सेलमधलं पाणी भराभर आटतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो.

डायनामो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलला लाल दिवा लुकलुकला तर तो दोष नाही, रेस दिल्यावर विझला की झालं. पण पावसाळ्यात संध्याकाळी, हेडलाइट आणि वायपर लावून तासभर ट्रॅफिकमध्ये सरकणारी गाडी बॅटरीच खात असते. त्या काळच्या डायनामोची मजल साधारण २२ अँपिअर. त्यावर कुणी १०० वॉटचे दोन हॅलोजन चढवले, तर सोळा-सतरा अँपिअर तिथेच गेले. अशा गाडीत बॅटरी दर आठवड्याला उतरते. तिथे दोष बल्बांचा असतो.

चार्जिंग येत नसेल तर लुकास पद्धतीच्या डायनामोची चाचणी घरीच होते. इंजिन बंद करून डायनामोवरच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढा. ते दोन खांब एकमेकांना जोडा आणि मीटर त्या जोडावर व बॉडीवर लावा. इंजिन चालू करून रेस हळूहळू वाढवा. व्होल्टेज न अडखळता चढत २० पर्यंत गेलं तर डायनामो चांगला आहे. तिथेच थांबा, त्यापुढे रेस देऊ नका. अर्धा-एक व्होल्टवर अडकलं तर फील्ड वाइंडिंग, चार-पाचवर अडकलं तर आर्मेचर, आणि काहीच आलं नाही तर आधी कार्बन (आर्मेचरवर घासणारे ब्रश) बघा. डायनामो चांगला निघाला तर संशय कटआउटच्या, म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांना जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, डबीवर जातो. तिच्या पॉइंटवरची काजळी साफ करा, पण आतले स्क्रू फिरवू नका. ते काम मीटर घेऊन बसणाऱ्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं आहे.

अल्टरनेटर असेल तर किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो का, एवढं आधी बघा. बऱ्याच गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो. बल्ब उडाला तर चांगला अल्टरनेटरही गप्प बसतो.

आणि एक गोष्ट कुणालाही करू देऊ नका. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल उपटून ‘गाडी बंद पडते का बघू’ ही जुनी सवय अल्टरनेटरचे डायोड जाळते.

उभ्या गाडीत गळती

बॅटरी, वायरी, चार्जिंग सगळं ठीक, तरी चार दिवसांनी बॅटरी उतरलेली? सगळं बंद करून अर्थचं टर्मिनल काढा. मीटर १० अँपिअरवर ठेवून तो खांब आणि वायर यांच्यामध्ये लावा. या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटर जळेल. मूळ वायरिंगच्या जुन्या गाडीत आकडा शून्याच्या आसपास हवा, घड्याळ असेल तर थोडा वर. २०० मिलिअँपिअर दिसले तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी होते.

एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजनं आकडा पडेल त्या लाइनवर डिकीतला दिवा किंवा मागून बसवलेला टेप निघतो. कुठल्याच फ्यूजनं फरक पडला नाही तर डायनामोच्या गाडीत कटआउटचे पॉइंट चिकटलेले असू शकतात, अल्टरनेटरच्या गाडीत डायोड गेलेला असतो. अल्टरनेटरची जाड वायर सोडा (ती थेट बॅटरीला जोडलेली असते, म्हणून आधी अर्थ काढा), टोक टेपनं झाका आणि पुन्हा मोजा. आकडा शून्यावर आला की चोर सापडला.

दुरुस्ती झाल्यावर बॅटरी चार्जरवर तीन-चार अँपिअरनं रात्रभर भरा. पूर्ण उतरलेली बॅटरी भरून काढणं डायनामोला झेपत नाही.