चीनमधल्या लॅबसोबत पेपर लिहिताय? मग जर्नल ठरवण्याआधी हे बघून घ्या

चीनमध्ये पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन) करणाऱ्यांना किंवा तिकडच्या ग्रुपसोबत लांबून जॉइंट पेपर करणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. रिझल्ट्स तयार, ड्राफ्ट तयार, आणि घोडं अडतं ते जर्नलवर. आपण म्हणतो अमुक जर्नल चांगलंय, आपल्या विषयातले सगळे वाचतात, आणि तिकडचे प्रोफेसर शांतपणे सांगतात की नको, ते आमच्याकडे चालत नाही. मग आपल्याला वाटतं यांना फक्त इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, दिसतो, त्यांना वाटतं यांना आमची परिस्थिती कळत नाही, आणि यात महिने जातात. तर हे सगळं टाळायचं असेल तर त्यांच्याकडे पेपर नेमका कसा मोजतात ते पहिल्या मीटिंगलाच विचारून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट विचारलं की समोरच्याला बरंच वाटतं.

थोडी पार्श्वभूमी सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बरीच वर्षं चीनमध्ये प्रमोशन, ग्रँट, पीएचडीची डिग्री, सगळं एससीआयमधल्या (सायन्स सायटेशन इंडेक्स, निवडक जर्नल्सची आंतरराष्ट्रीय यादी) पेपरांच्या आकड्यावर चालायचं आणि वरून रोख बक्षीसही असायचं. १०० चिनी युनिव्हर्सिटींची धोरणं तपासून केलेला एक अभ्यास आहे, त्यात २०१६ साली नेचर किंवा सायन्समधल्या एका पेपरमागे सरासरी ४३ हजार डॉलरच्या वर रक्कम निघाली आणि सगळ्यात मोठं बक्षीस होतं १ लाख ६५ हजार डॉलर. २०१९ मध्ये छिंगह्वा युनिव्हर्सिटीने पीएचडीसाठी पेपर छापून आलाच पाहिजे ही सरसकट अट काढली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या विज्ञान आणि शिक्षण मंत्रालयांनी थेट आदेशच काढले की पेपरवर रोख बक्षीस बंद, नुसती एससीआयची मोजणी बंद, त्याऐवजी माणसाची निवडक प्रातिनिधिक कामं बघा, आणि त्यातले निदान एक तृतीयांश पेपर चीनमधल्या चांगल्या जर्नल्समधले असू द्या.

आता आदेश निघाला म्हणून प्रत्येक डिपार्टमेंट एका रात्रीत बदलत नाही ना. एखाद्या ठिकाणी खरंच पाच निवडक पेपर वाचून बघतात, शेजारच्याच युनिव्हर्सिटीत अजूनही यादी आणि गुण. म्हणून "चीनमध्ये असं असतं" या गृहीतकावर कधीच जाऊ नका, त्या प्रोफेसरांच्या त्या कॉलेजात या वर्षी काय चालतं ते विचारा, आणि त्यांच्या विद्यार्थ्याला डिग्रीसाठी काय लागतं ते वेगळं विचारा कारण दोघांची गरज बऱ्याचदा वेगळी असते. प्रोफेसर एका मोठ्या जर्नलसाठी वर्षभर थांबू शकतात, पण ज्याचा डिफेन्स, म्हणजे पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा, तोंडावर आलाय तो पोरगा नाही थांबू शकत, आणि तो स्वतःहून हे बोलणार पण नाही.

जर्नलच्या दर्जाबद्दल बोलताना सगळ्यात मोठा घोळ होतो तो दोन वेगवेगळ्या वर्गवाऱ्यांमुळे. आपण क्यू १, क्यू २ म्हणतो ते जेसीआरचं (जर्नल सायटेशन रिपोर्ट्स, इम्पॅक्ट फॅक्टर देणारा वार्षिक अहवाल), त्यात विषयातली वरची २५ टक्के जर्नल्स क्यू १ मध्ये येतात. चीनमध्ये मात्र चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या लायब्ररीने वर्षानुवर्षं काढलेली वेगळी वर्गवारी रुळलेली आहे, तीपण चार झोनची, पण ती पिरॅमिडसारखी वर निमुळती होत जाते. पहिल्या झोनमध्ये साधारण वरची ५ टक्के, दुसऱ्यात २० टक्क्यांपर्यंतची, तिसऱ्यात ५० टक्क्यांपर्यंतची आणि उरलेली चौथ्यात. म्हणजे तुमचं लाडकं क्यू १ जर्नल त्यांच्या यादीत आरामात दुसऱ्या किंवा तिसऱ्या झोनमध्ये असू शकतं आणि तुम्ही दोघं एकच आकडा बोलताय असं समजून वाद घालत बसता. मीटिंगमध्ये कोणी "झोन वन हवं" म्हणालं तर लगेच विचारा, कुठल्या वर्गवारीतला आणि कुठल्या वर्षातला. वर्ष महत्त्वाचं आहे, जर्नल्स वरखाली होत राहतात, आणि कुठलं वर्ष धरायचं, पेपर सबमिट केला तेव्हाचं की छापून आला तेव्हाचं, हे ती युनिव्हर्सिटी ठरवते.

त्याच लायब्ररीने २०२० च्या शेवटी धोक्याचा इशारा असलेल्या जर्नल्सची पहिली यादी काढली, त्यात ६५ जर्नल्स होती, २०२४ च्या यादीत २४ होती. या यादीत नाव आलं म्हणजे जर्नल बोगसच असं नाही, पण अनेक युनिव्हर्सिटी तिथे पेपर छापायची फी देत नाहीत किंवा तो पेपर मोजत नाहीत. शिवाय काही युनिव्हर्सिटी आणि हॉस्पिटल्सच्या स्वतःच्या काळ्या याद्या असतात, त्या बाहेर कुठे सापडत नाहीत, आतल्या माणसालाच माहीत असतात. तर तुमच्या डोक्यातली तीन-चार जर्नल्स लिहून त्यांना पाठवा आणि म्हणा, यातलं कुठलं चालणार नाही ते तपासून सांगा. एवढ्या एका मेसेजने पुढची अर्धी भांडणं वाचतात. आणि चीनमधून निघणारी इंग्रजी जर्नल्स पण यादीत धरा, सेल रिसर्च, नॅशनल सायन्स रिव्ह्यू, लाइट सायन्स अँड ॲप्लिकेशन्स ही आता जगभर वाचली जातात, आणि तिकडच्या देशांतर्गत पेपरच्या अटीतही ती बसतात.

आता ऑथरशिप. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मनं सगळ्यात जास्त इथेच दुखावतात. तिकडच्या मूल्यमापनात फर्स्ट ऑथर (यादीतलं पहिलं नाव) आणि करस्पॉन्डिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा, बहुतेक वेळा ग्रुपचा प्रमुख) यांनाच बहुतेक सगळं श्रेय मिळतं, मधल्या नावांना फार थोडं, कधीकधी शून्य. म्हणून एका पेपरवर तीन को-फर्स्ट (पहिल्या नावाचा मान वाटून घेणारे) आणि तीन करस्पॉन्डिंग ऑथर दिसले की लगेच नाक मुरडू नका, पुष्कळदा दोघातिघांनी खरंच बरोबरीने काम केलेलं असतं आणि दुसरी कुठली जागा त्यांना मोजून मिळत नाही. पण ज्याने काहीच केलं नाही त्याचं नाव घालायला मात्र ठाम नाही म्हणा, कारण ऑथर होणं म्हणजे कामाची जबाबदारी घेणं. प्रत्येकाने काय केलं ते दोन-दोन ओळीत सुरुवातीलाच लिहून ठेवा, जर्नलला पुढे कॉन्ट्रिब्युशन स्टेटमेंट लागतंच.

ऑथरच्या क्रमासोबतच संस्थेचा क्रमही ठरवा, हे बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. पेपरवर पहिली संस्था कुठली छापली आहे यावर तो पेपर त्या युनिव्हर्सिटीच्या खात्यात जातो की नाही ते ठरतं. तुम्ही तिथे पोस्टडॉक होतात आणि पेपर येईपर्यंत नोकरी बदलली, तर काम जिथे झालं ती संस्था मुख्य, आणि नवीन पत्ता तळटीपेत सध्याचा पत्ता म्हणून. ही सगळीकडे मान्य असलेली रीत आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना समजावता येतं. आणि हे सगळं सबमिशनच्या आधी फायनल करा, कारण रिव्ह्यू चालू असताना नावं वाढली किंवा बदलली की एडिटरला पहिली शंका येते ती विकलेल्या ऑथरशिपची, मग सगळ्यांच्या सह्यांचे फॉर्म, खुलासे, आणि पेपर लटकतो.

हे विकणं-बिकणं काय प्रकार आहे तर पेपर मिल. तयार पेपर लिहून, आकृत्या बनवून, नावाची जागा विकणारे धंदे, आणि यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बरीच वर्षं हॉस्पिटलमधले डॉक्टर होते, ज्यांना दिवसभर पेशंट बघून प्रमोशनसाठी मात्र पेपर दाखवावे लागायचे. माणसाला जे काम करायला वेळच दिलेला नाही त्याचा पुरावा मागितला की असंच होणार, मला यात त्या डॉक्टरांइतकाच नियम बनवणाऱ्यांचाही दोष वाटतो. २०१७ मध्ये ट्यूमर बायॉलॉजी या जर्नलने खोट्या पिअर रिव्ह्यूमुळे (छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून होणारी तपासणी) १०७ पेपर मागे घेतले, ते जवळजवळ सगळे चीनमधले होते. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नल्समधून ८ हजारांवर पेपर मागे घेतले गेले आणि त्यानंतर चीनच्या शिक्षण मंत्रालयाने युनिव्हर्सिटींकडून गेल्या तीन वर्षांतल्या मागे घेतलेल्या पेपरांचा हिशोबच मागितला. याचा त्रास प्रामाणिक लोकांना होतो, चांगल्या लॅबचा पेपर पण एडिटर संशयाने उघडतो, आणि हे मला खरंच वाईट वाटतं कारण रात्री-अपरात्री प्रयोग करणारी तिकडची पोरं या सगळ्यात काही चूक नसताना भरडली जातात.

म्हणून पेपरवर संशय येणार नाही अशी तयारी आधीच करा. कच्चा डेटा, वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिनं ओळखायची चाचणी) न कापलेल्या इमेजेस, मशीनच्या मूळ फाइल्स एका फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवा आणि एडिटरने मागायच्या आधी सप्लिमेंटमध्ये द्या. ईमेल संस्थेचाच वापरा, ईडीयू डॉट सीएन किंवा एसी डॉट सीएनवाला. चीनमध्ये क्यूक्यू किंवा १६३ या फुकट सेवांचा मेल कामासाठी वापरणं अगदी नॉर्मल आहे पण खोट्या रिव्ह्यूअरचे घोटाळे अशाच फुकट मेल आयडींवरून झाले, त्यामुळे रिव्ह्यूअर सुचवतानाही त्यांचा संस्थेचाच मेल द्या, तो संस्थेच्या पानावरून बघून घ्या, आणि कोणाच्या सांगण्यावरून आलेली तयार यादी कधीही चिकटवू नका.

भाषा सुधारून घ्यायला एजन्सी चालते, पण ती फक्त भाषेपुरती. चीनमध्ये २०१५ पासूनच याबाबत पाच मनाई सांगितलेल्या आहेत: तिसऱ्याकडून पेपर लिहून घ्यायचा नाही, तिसऱ्याकडून सबमिट करायचा नाही, तिसऱ्याकडून मजकूर बदलून घ्यायचा नाही, रिव्ह्यूअरची खोटी माहिती द्यायची नाही, ऑथरशिपचे नियम मोडायचे नाहीत. एजन्सीने "सबमिशन पण आम्हीच करतो, लॉगिन द्या" म्हटलं की तिथेच थांबा. एआयने भाषा नीट केली असेल तर जर्नलचा नियम वाचून तसं लिहून टाका.

डेटाचं आधी विचारा, शेवटी नाही. सरकारी पैशातून झालेल्या कामाचा डेटा परदेशी जर्नलला द्यायचा असेल तर तो पेपर छापून यायच्या आधी आपल्या संस्थेत जमा करायचा असा २०१८ चा नियम आहे. माणसांचे नमुने किंवा जीनोम असेल तर नियम आणखी कडक, ह्यूमन जेनेटिक रिसोर्सेसचे नियम १ जुलै २०१९ पासून लागू आहेत आणि परदेशी पार्टनर असला की मंजुरीचा वेळ धरूनच चालावं लागतं. जर्नल म्हणतं डेटा उघडा ठेवा, तिकडचा कायदा म्हणतो विचारून ठेवा, यातली वाट म्हणजे चीनमधलीच मान्यताप्राप्त रिपॉझिटरी (डेटा जमा करायची ऑनलाइन जागा), सायन्स डेटा बँक किंवा जीनोमसाठी जीएसए (जीनोम सीक्वेन्स अर्काइव्ह), जर्नलला चालते का ते एडिटरला विचारायचं. चीनचा नकाशा आकृतीत असेल तर तो तिकडच्या मंजूर नकाशावरूनच घ्यावा लागेल असं ते सांगतील. सीमांच्या मुद्द्यावर तुमची अडचण असेल तर आकृतीत नकाशा नसलेलाच बरा, अक्षांश-रेखांश टेबलमध्ये देऊन काम भागतं.

रोजच्या कामाचं थोडक्यात: गूगल डॉक्स तिथे उघडत नाही, त्यामुळे वर्डची फाइल ट्रॅक चेंजेससह ईमेलवर, आणि बोलणं वीचॅटवर. पण निर्णय झाला की तो ईमेलवर परत लिहा, चॅटमधलं नंतर सापडत नाही. प्रोफेसरांना आडनावानंतर लाओशी (म्हणजे शिक्षक) लावून हाक मारा, ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर त्यांची चूक काढू नका, वेगळ्या मेसेजमध्ये सांगा, ते ऐकतात. मार्चमध्ये उत्तरं उशिरा येतात कारण नॅशनल नॅचरल सायन्स फाउंडेशनच्या ग्रँटची डेडलाइन त्याच महिन्यात असते, आणि वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, आसपास तर काही मागूच नका.

पैशाचं: ओपन ॲक्सेस फी (पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून जर्नल घेतं ती) सरकारी प्रोजेक्टमधून द्यायची असेल आणि एका पेपरचा खर्च २० हजार युआनच्या वर जात असेल तर २०२० च्या नियमाप्रमाणे संस्थेच्या अकॅडमिक कमिटीने तो पेपर छापणं गरजेचं आहे असं मान्य करावं लागतं. बरीच मोठी ओपन ॲक्सेस जर्नल्स ही रेषा सहज ओलांडतात, तेव्हा ॲक्सेप्ट झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच विचारा की पैसे कुठून आणि कोणाच्या नावे इन्व्हॉइस हवा. ग्रँट नंबर त्यांच्याकडून लेखी घ्या आणि एकेक अंक तपासा, ज्या ग्रँटचा कामाशी संबंध नाही तिचं नाव लिहिणं तिकडे गैरप्रकारात धरतात.

शेवटी प्रूफ (छापण्याआधीची तपासायची प्रत) आले की पहिली नजर नावांवर. वांग, ली, झांग आडनावाची कोट्यवधी माणसं आहेत आणि इंग्रजीत एकच स्पेलिंग असलेले शेकडो संशोधक, त्यामुळे प्रत्येकाचा ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक) जोडलेला आहे का, आडनाव आणि नाव उलटं तर झालं नाही ना, आधीच्या पेपरमध्ये मध्ये हायफन होता आणि इथे गेला का, हे ज्याचं नाव त्यालाच तपासायला सांगा आणि त्याच्या होकाराचा मेल आल्याशिवाय प्रूफ परत पाठवू नका.