डीपीवर हरकत द्यायची आहे? मग ही तयारी

शहरातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा विकास आराखडा (डीपी) वीस वर्षांचा आणि त्यावरच्या हरकतीला मुदत जेमतेम एक-दोन महिने. त्याचं प्रारूप, म्हणजे कच्चा मसुदा, जाहीर झालं की पहिला आठवडा नकाशाचे धूसर फोटो फिरवण्यात जातो, दुसरा ‘आपल्यावरून रस्ता गेलाय म्हणे’ या चर्चेत, आणि शेवटच्या तीन दिवसांत नगररचना विभागासमोर रांग लागते. तेव्हा यादीत पहिलं काम तारखेचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली निघालेली राजपत्रातली जाहीर सूचना (नोटीस) मिळवा. मुदत त्या राजपत्राच्या तारखेपासून मोजली जाते, तुम्ही पेपरात बातमी वाचलीत त्या दिवसापासून नाही. ती सगळीकडे सारखी नसते. मुंबईच्या सुधारित प्रारूपाला २०१६ मध्ये ६० दिवस होते, पुणे महानगर प्रदेशाच्या प्रारूपाला २०२१ मध्ये सुरुवातीला ३० दिवसच होते. कधीकधी मुदतवाढ मिळते, पण तिच्या भरवशावर बसू नका. सूचनेत छापलेला शेवटचा दिवस भिंतीवर लिहा आणि त्याच्या दहा दिवस आधी अर्ज देऊन मोकळं व्हायचं असं ठरवा.

आपली जमीन नाही, आपण भाड्याने राहतो, मग आपल्याला कोण विचारणार, हा समज आधी काढून टाका. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं आहे. भाडेकरू, हातगाडीवाला, शाळेत मुलं सोडायला येणारे पालक, कोणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं.

मग कागद गोळा करायचे. प्रारूपाबरोबर काय काय लोकांसमोर ठेवायचं हे कायद्यातच सांगितलंय: विद्यमान भूवापराचा नकाशा, प्रस्तावित भूवापराचे नकाशे, आराखड्याचा खुलासा करणारा अहवाल, विकास नियंत्रणाचे नियम, काम कोणत्या टप्प्यांत होणार याची माहिती आणि भूसंपादन व कामांच्या खर्चाचा अंदाज. यातलं काही ठेवलेलं नसेल तर तेवढ्यावरही एक स्वतंत्र हरकत होते. नकाशाचा प्रमाणित उतारा वाजवी किमतीत विकत मिळायला हवा, अशीही तरतूद आहे. तो घ्याच. मोबाईलवर आलेल्या फोटोवरून काढलेला निष्कर्ष सुनावणीत टिकत नाही. जे कागद लोकांसमोर ठेवलेले नाहीत, म्हणजे सर्वेक्षणाच्या मूळ नोंदी वगैरे, ते हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि तोवर तुमची मुदतही संपत आलेली असेल.

नकाशा सगळे बघतात, अहवाल फारसा कोणी उघडत नाही. मला वाटतं, वेळ कमी असेल तर तासभर अहवालालाच द्यावा. पुढच्या वीस वर्षांत कोणत्या भागात किती लोक राहतील हा अंदाज तिथे असतो आणि त्यावरूनच शाळा, दवाखाने, मैदानं किती लागतील याचा हिशोब मांडलेला असतो. तो हिशोब स्वतः करून बघा. केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवलेली आहे. तुमच्या सेक्टरची (आराखड्यात शहराचे जे भाग पाडलेले असतात त्यातल्या तुमच्या भागाची) अंदाजित लोकसंख्या २० हजार असेल तर बागा आणि मैदानं मिळून किमान २० हेक्टर भरायला हवं. आरक्षणांच्या, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखून ठेवलेल्या जागांच्या, तक्त्यात तुमच्या सेक्टरची बेरीज करा. सहा हेक्टर आली तर त्या एका आकड्यावर पानभर भावनिक मजकुरापेक्षा जास्त बोलता येतं.

आता नकाशा. इथे घाई करू नका, आणि प्रस्तावित भूवापराचा नकाशा आधी उघडू नका. आधी विद्यमान भूवापराचा, म्हणजे आज कोणती जमीन कशासाठी वापरली जाते त्याचा, नकाशा बघा, ज्याला कार्यालयात सगळे ‘ईएलयू’ (एक्झिस्टिंग लँड यूज) म्हणतात. पुढचं सगळं याच पायावर उभं असतं. त्यावर तुमची वस्ती मोकळी जागा म्हणून दाखवली असेल, चालू शाळा निवासी रंगात बुडाली असेल, ओढा गायब असेल किंवा जुनी विहीर नसेल, तर वरचा प्रस्ताव चुकणारच. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झालेल्या प्रारूपात नेमकं असंच झालं होतं. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तू सुटल्या होत्या. हजारो हरकती आल्या, एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडा दुरुस्त करायला लावला आणि सुधारित प्रारूप यायला मे २०१६ उजाडलं. ‘आमच्यावर अन्याय’ एवढं लिहून भागत नाही. ‘इथे अमुक वर्षापासून इमारत आहे, हा घ्या भोगवटा दाखला’ असं लिहिलं की ते खोडायला समोरच्याकडे काही उरत नाही.

ईएलयू तपासण्यासाठी नकाशा घेऊन प्रत्यक्ष फिरा, शक्यतो जुन्याजाणत्या माणसाला बरोबर घेऊन. ओढ्याची वाट, पाणंद, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, हे त्यालाच माहीत असतं. फोटो काढताना तारीख आणि ठिकाण नोंदलं जाईल अशी सोय मोबाईलमध्ये सुरू ठेवा. नकाशाचं प्रमाण बघायला विसरू नका: १:५००० असेल तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. त्यामुळे रस्त्याची रेघ तुमच्या भिंतीला ‘चिकटलेली दिसते’ म्हणून घर जाणारच असं नाही, आणि ‘लांब दिसते’ म्हणून वाचणारच असंही नाही. शंका असेल तर रस्त्याची रुंदी आणि मध्यरेषा कुठून धरली आहे हे लेखी विचारा. नदीकाठी राहत असाल तर पूररेषा वेगळी तपासा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभागाच्या असतात, तेव्हा त्यांचा नकाशा आणि आराखड्याचा नकाशा शेजारी ठेवून बघा. निळ्या रेषेच्या आत पिवळा निवासी रंग आढळला तर ती हरकत तुमच्या एकट्याची राहत नाही.

स्वतःच्या जमिनीचा प्रश्न असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, बिनशेतीचा आदेश, मंजूर बांधकाम नकाशा, कराची पावती, एवढं पुरे. वारसाची नोंद राहून गेली असेल तर फेरफाराची प्रत जोडा, नाहीतर सुनावणीला ‘तुम्ही कोण?’ इथूनच सुरुवात होते. सोसायटीतर्फे जायचं असेल तर ठराव आणि बोलणाऱ्याच्या नावाचं अधिकारपत्र.

अर्ज लिहिताना एक मुद्दा, एक अर्ज. रस्ता, मैदान, पूररेषा आणि कचरा डेपो एकाच पत्रात कोंबले की त्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा सगळ्या पत्राचं वजन ठरवतो. पहिल्याच ओळीत सेक्टर, सर्व्हे किंवा गट क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक आणि नकाशाचा पान क्रमांक. मग आराखड्यात काय दाखवलंय, प्रत्यक्षात काय आहे, पुरावा कोणता जोडलाय आणि नेमकं काय हवंय. हे ‘काय हवंय’ बहुतेक अर्जांत नसतंच. ‘रस्ता रद्द करा’ ही मागणी फार क्वचित ऐकली जाते, कारण रस्ता कुठून कुठे तरी जोडायचा असतो. ‘हा बारा मीटरचा रस्ता गट ११२ मधून न नेता त्याच्या उत्तर हद्दीवरच्या वहिवाटीच्या वाटेवरून न्यावा, सोबत कच्चा नकाशा’ असं लिहिलंत तर हरकती ऐकणाऱ्या समितीपुढे निवडायला काहीतरी असतं. पर्याय देताना तो दुसऱ्या कोणाच्या घरावरून तर जात नाही ना, हेही बघा. शेजाऱ्याच्या अंगणात ढकललेला रस्ता सुनावणीत त्या शेजाऱ्यासकट परत येतो.

छापील नमुन्यावर सह्या गोळा करण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पुण्याच्या २०१३ च्या प्रारूपावर ऐंशी हजारांवर हरकती आल्या होत्या. एवढ्या गठ्ठ्यात एकसारखी पत्रं एकत्र लावून एकच मुद्दा म्हणून निकाली निघतात. पाचशे सह्यांचं एक पत्र असू द्या, त्याने दबाव दिसतो. पण त्याबरोबर वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या कारणांसह लिहिलेली दहा पत्रंही असू द्या. मैदान हवं म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचं कारण वेगळं, समोरच्या इमारतीतल्या आजींचं वेगळं.

यावरून यादीतलं एक काम, जे जवळजवळ सगळे विसरतात. आराखड्यात जे चांगलं आहे त्याला लेखी पाठिंबा द्या. कायद्यात हरकतींबरोबर ‘सूचना’ हा शब्द उगीच घातलेला नाही. समजा तुमच्या भागात एका मोकळ्या भूखंडावर मैदानाचं आरक्षण पडलंय. भूखंडाचा मालक हरकत देणार, वास्तुविशारद लावून व्यवस्थित देणार, आणि त्याचा तो हक्कच आहे. त्या मैदानावर ज्यांची मुलं खेळणार ती माणसं मात्र खूश होऊन घरी बसतात. समितीपुढे त्या आरक्षणाच्या फाइलमध्ये एकच कागद जातो, ‘आरक्षण उठवा’ म्हणणारा. मग आरक्षण उठलं की सगळे म्हणतात, साटंलोटं झालं. झालंही असेल. पण त्या फाइलमध्ये तुमचं ‘कायम ठेवा’ असं एकही पत्र नसेल तर साट्यालोट्याची गरजही पडत नाही. म्हणून आपल्या सेक्टरमधल्या मैदान, बाग, शाळा, दवाखाना, मंडई अशा प्रत्येक आरक्षणाची यादी काढा आणि हव्या त्या प्रत्येकासाठी क्रमांकासह एक पानी सूचना द्या: सध्या जवळचं मैदान किती अंतरावर आहे, किती शाळा या भागात आहेत, लोकसंख्येच्या हिशोबाने किती कमी पडतं. आक्षेप घ्यायला राग पुरतो, पाठिंब्यासाठी हा हिशोब लागतो. माणसं कमी आणि वेळही कमी असेल तर माझ्या मते आधी हीच पत्रं लिहावीत.

अर्ज देताना दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन दिला तर पोच क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. ‘मला सुनावणीची संधी मिळावी’ ही ओळ लिहा आणि त्याखाली चालू असलेला फोन आणि पत्ता द्या.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. कलम २८ प्रमाणे तिच्यात नियोजन प्राधिकरणाचे, म्हणजे आराखडा करणाऱ्या संस्थेचे, तीन सदस्य (महापालिकेत स्थायी समितीतले) आणि त्यांच्या जोडीला नगररचना किंवा पर्यावरणातले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. हरकत देणाऱ्याला म्हणणं मांडायची वाजवी संधी देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, पण हजारो अर्ज असले की ही वाजवी संधी काही मिनिटांवर येते. तिथे भाषणाला वाव नसतो. एका कागदावर मोठ्या अक्षरात तीन ओळी: क्रमांक, चूक, मागणी. नकाशाच्या उताऱ्यावर तुमची जागा लाल पेनने आधीच रंगवून न्या, समितीतल्या माणसाला ती शोधायला लावलीत तर तुमचा वेळ शोधण्यातच संपतो. मूळ कागद बरोबर, पण द्यायच्या झेरॉक्स. गटाने गेलात तर एकच बोलणारा. बाकीच्यांनी फक्त उपस्थितीच्या नोंदवहीत सही करावी, आणि त्यांना हे आधीच बजावून ठेवा, कारण तिथे गेल्यावर प्रत्येकालाच बोलावंसं वाटतं. नव्याने काही कागद दिलात तर त्याचीही पोच.

सुनावणी झाली की बहुतेकांची फाइल माळ्यावर जाते. तुमची खाली राहू द्या. समितीचा अहवाल प्राधिकरणाकडे जातो, तिथून बदलांसह आराखडा राज्य सरकारकडे मंजुरीला जातो. तुमच्या अर्जावर काय शिफारस झाली हे अहवालात तुमच्या क्रमांकासमोर सापडेल, तो मागवा. सरकारला स्वतःहून मोठे बदल करायचे असतील तर कलम ३१ प्रमाणे त्या बदलांपुरत्या पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. ही दुसरी जाहीर सूचना पहिलीसारखी गाजत नाही, म्हणून गटातल्या एकाने राजपत्रावर लक्ष ठेवायची जबाबदारी नाव घेऊन स्वीकारावी. आणि अंतिम आराखडा अंमलात आला ती तारीख फाइलच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवा. कलम १२७ प्रमाणे त्यानंतर दहा वर्षांत आरक्षित जागा घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. तेव्हा दहावं वर्ष उलटलं की दर सहा महिन्यांनी माहिती अधिकारात एक प्रश्न विचारायचा: अमुक क्रमांकाच्या आरक्षणावर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, आली असल्यास कोणत्या तारखेला, आणि त्यावर काय केलं.