खान्देशात घरचं हरितगृह: आधी सावली, मग प्लास्टिक

घरामागच्या मोकळ्या जागेत छोटं हरितगृह उभं करायचं मनात आलं की माणूस आधी मोबाईलवर व्हिडिओ बघतो. त्यातले बरेचसे थंड मुलखातले असतात. तिकडे ऊब धरून ठेवायची असते, म्हणून चहूबाजूंनी बंद काच किंवा प्लास्टिक. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. इथे ऊब कोंडून करायचं काय?

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरामागे मी काही वर्षांपासून असा मांडव चालवतोय. घर शेतकऱ्याचं असलं तरी मी नोकरीवाला, त्यामुळे हाताशी फक्त सकाळ-संध्याकाळ आणि रविवार. नव्यानं सुरुवात करणारे येऊन विचारतात तेव्हा माझं पहिलं सांगणं ठरलेलं असतं: खान्देशात वर्षातले चार महिने तरी प्लास्टिक तुमचा शत्रू आहे. बंद प्लास्टिक कागदाखाली ऊन शिरतं, जमीन तापते, तिच्यामुळे हवा तापते, आणि वर चढलेल्या त्या हवेला बाहेर पडायला वाट नसते. बाहेर ४२ अंश असताना आत पन्नाशी गाठायला वेळ लागत नाही. टोमॅटोची फुलं तर पारा ३५ च्या वर टिकला तरी गळायला लागतात. म्हणून सांगाडा असा करायचा की त्यावरचं पांघरूण ऋतूप्रमाणे बदलता आलं पाहिजे.

सांगाड्यासाठी दोन मार्ग आहेत, बांबू किंवा पीव्हीसी पाईप. पाईपचा हिशेब सोपा आहे. २० फुटी पाईप कमानीसारखा वाकवून १२ फुटांवर रोवला की मधे साडेसहा फुटांच्या आसपास उंची मिळते, माणूस ताठ उभा राहतो. चार-चार फुटांवर एक कमान धरली तर १६ फूट लांबीला पाच कमानी लागतात. लोखंडी सळईचे हातभर-दोन हात तुकडे अर्धे जमिनीत ठोकायचे आणि त्यांच्यावर पाईपची टोकं बसवायची. पाईप एक इंची घ्या, त्याहून बारीक घेतला तर डुलत राहतो.

पण आपलं ऊन पाईपलाही सोडत नाही. मेच्या दुपारी पीव्हीसी मऊ पडतो आणि कमानीची पाठ खाली बसते. त्यामुळे शेंड्यावरून एक आडवा बांबू आणि त्याला मधे दोन उभे टेकू द्यायलाच हवेत. पाईपला पांढरा रंग मारून घ्या. तो कमी तापतो, उन्हानं लवकर ठिसूळ होत नाही आणि वरचा कागदही वाचतो, कारण तापलेल्या पाईपला चिकटलेल्या ठिकाणीच कागद आधी विरतो. एवढा व्याप नको असेल तर सरळ बांबू घ्या. माझं मत विचाराल तर बांबूच बरा. मात्र जमिनीत जाणाऱ्या टोकाला डांबर लावा, नाहीतर वाळवी त्याला ठेवत नाही.

आता जमीन. काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको, पण गावात नवं घर बांधून बागकाम सुरू करणाऱ्याला सांगावा लागतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते, आणि या चढउतारात रोवलेले खांब तिरके होतात. दोन फूट खड्डा घ्या, त्यात खांब उभा करून दगड आणि मुरूम ठासा, काळी माती पुन्हा त्यात भरू नका.

पैसे वाचवायचे तर सांगाड्यात वाचवा, पांघरुणात हात आखडू नका. साधा पारदर्शक प्लास्टिक कागद स्वस्त पडतो खरा, पण एका उन्हाळ्यात पापडासारखा तुटतो. अतिनील किरणांना टिकणारा २०० मायक्रॉन जाडीचा कागद मागा, तो नीट ठेवला तर साधारण तीन वर्षं जातो. वर सांगितलेल्या मांडवाला रुंदीत २४ फूट कागद लागेल: २० फूट कमानीवर आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मातीत पुरायला. शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, किती टक्के ऊन अडवते त्यावर मिळते. दुकानदार बऱ्याचदा ७५ टक्क्यांची गळ्यात मारतो, कारण सावली गडद दिसते आणि गिऱ्हाईक खूश होतं. भाजीपाल्याला ५० टक्के पुरे. ७५ टक्क्यांखाली शोभेची झाडं छान राहतात, मिरची मात्र नुसती उंच होते.

वारा हा खरा परीक्षक. मे-जूनच्या वादळात रावेर-यावलकडे उभ्या केळीच्या बागा आडव्या होतात, तिथे आपल्या कागदाची काय कथा? बाजूचा कागद चरात पुरून वर माती दाबायची, आणि मांडवावरून तिरप्या दोऱ्या टाकून खुंट्यांना ताणायच्या. बांबूवर खिळा मारायचा तर ठिबकची जुनी नळी उभी चिरून तिची पट्टी कागदावर ठेवायची आणि मग खिळा ठोकायचा. जळगाव जिल्ह्यात अशा टाकाऊ नळ्यांची वेटोळी बांधाबांधांवर पडलेली असतात, विकत काही घ्यावं लागत नाही. उन्हाळ्यात तर कागद काढून घरात ठेवलेलाच बरा, कारण जाळीतून वारा निघून जातो.

तेव्हा मार्च ते जून फक्त जाळी, चारही बाजू मोकळ्या. पश्चिमेला मात्र गोणपाट टांगा आणि दुपारी त्याच्यावर पाणी मारा. घरातल्या कूलरचं तत्त्व तेच आहे: हवा कोरडी असली की ओल्या पडद्यातून येताना ती गार होते. आपला उन्हाळा कोरडा, म्हणून हे चालतं. पावसाळ्यात हवेत आधीच ओल भरलेली असते, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही. फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं उडवणारे फवारे, बसवायचा मोह मी तरी टाळतो. क्षाराच्या बोअरच्या पाण्यानं त्याची बारीक छिद्रं बुजतात आणि रविवार ती साफ करण्यात जातो.

माझी मिळकत म्हणाल तर या उन्हाळी सावलीतच आहे. उघड्यावर कोथिंबीर धड उगवत नाही त्या दिवसांत जाळीखाली वाफे हिरवे असतात. शेजारच्या आजी सुरुवातीला कुंपणापाशी उभ्या राहून विचारायच्या, “हाई काय करी राहिना भाऊ?” आता भाजीला जुडी लागली की थेट वाफ्यावर येतात.

जुलैत जाळी काढा. ढगाळ दिवसांत आधीच उजेड कमी असतो, त्यात जाळीखाली रोपं काडीसारखी वाढतात. आता कागदाची पाळी, पण फक्त छतावर, बाजू उघड्याच. रोपांना झोडपणारा पाऊस लागला नाही की निम्मं काम झालं. याच दिवसांत ट्रेमधली रोपं बुंध्याशी सडून कोलमडतात. ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पिळल्यावर थेंब पडणार नाही इतकंच ओलं ठेवा, पाणी सकाळीच द्या आणि बी दाट टाकू नका.

डिसेंबर-जानेवारीत गंमत उलटी होते. धुळ्याकडे रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, केळीला थंडीचा चरका बसतो आणि मिरची-वांग्याचं बी उगवायला रेंगाळतं. तेवढ्या आठवड्यांत व्हिडिओतलं हरितगृह इथे लागू पडतं. सूर्य मावळायच्या आत बाजूचे कागद खाली सोडायचे आणि सकाळी ऊन चढलं की वर गुंडाळायचे. भरताच्या वांग्याची रोपं मी याच दिवसांत वाढवतो.

पांढरी माशी मिरचीवर आणि टोमॅटोवर पर्णगुच्छाचा, म्हणजे पानं आकसून मुरडण्याच्या रोगाचा विषाणू आणते, म्हणून पुष्कळ जण बाजूंना ४० मेशची (इंचाला ४० छिद्रांची) कीटकजाळी लावतात. रोपवाटिकेपुरती ती उत्तम, पण वारा अडतो हे धरून चाला. शिवाय तिच्या आत मधमाशी येत नाही. टोमॅटोचं त्यावाचून अडत नाही, वेल जरा हलवला तरी पुरतं. गिलके, दोडके, काकडी मात्र फुलं देतील आणि फळ धरणार नाहीत. नर फूल तोडून मादी फुलावर हातानं फिरवावं लागतं. गिलक्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी, तेव्हा वेळ त्याप्रमाणे धरा. मी वेलवर्गीय सगळं मांडवाबाहेर कुंपणावरच चढवतो.

अनुदानाचं बरेच जण विचारतात. शेडनेटगृह आणि हरितगृहाला फलोत्पादन अभियानातून ५० टक्के अनुदान आहे, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करायचा. पण ते ठरलेल्या मापदंडाच्या, शेतातल्या बांधणीला. घरामागच्या बांबूच्या मांडवाला नाही. पुढे व्यवसाय म्हणून उतरायचं असेल तर तळेगाव दाभाड्याला हरितगृहाचं प्रशिक्षण मिळतं, आणि त्याआधी ममुराबाद, पाल, धुळे किंवा नंदुरबार यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात एक चक्कर मारा. जाताना रोगट पान पिशवीत घालून न्या, नुसतं वर्णन ऐकून कुणालाही नेमकं सांगता येत नाही.